पाळण्यातल्या अर्जदाराची चौकशी

डीएस-१६० या व्हिसा अर्जाचे कर्ते,
परराष्ट्र खाते, अमेरिका, यांस



मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आम्ही पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो, पण पाळण्याशी जाऊन रीतसर जबाब नोंदवण्याचे धाडस आम्हाला कधी झाले नाही. तो मान आपला. अमेरिकेत काकाकडे महिनाभर राहायला निघालेला अर्जदार नऊ महिन्यांचा असो वा एकोणनव्वद वर्षांचा, आपण दोघांनाही एकाच नजरेने पाहता. तू दहशतवादी कारवाया केल्यास का? वंशसंहारात तुझा हात होता का? हेरगिरी? वेश्याव्यवसाय? काळ्या पैशाची धुलाई? याच यादीत आपण अर्जदाराला विचारता की तू कधी बालसैनिकांची भरती केली आहेस का. बालसैनिक म्हणून भरती होण्यासाठीसुद्धा ज्याला आणखी काही वर्षे थांबावे लागेल, त्याला हा प्रश्न! पुढे चौकशी येते ती एखाद्या अमेरिकी मुलाचा ताबा न्यायालयाचा आदेश डावलून स्वतःकडे ठेवल्याची, बेकायदा मतदान केल्याची, कर चुकवण्यासाठी अमेरिकी नागरिकत्व सोडल्याची. ३० नोव्हेंबर १९९६ नंतर विद्यार्थी व्हिसावर सरकारी शाळेत शिकून शाळेचा खर्च बुडवल्याचीही. हा शेवटचा आरोप बाळाने मनावर घेऊ नये. अजून त्याला धड उभे राहता येत नाही, शाळेचे पुढे बघू.

यावर आपल्या बाजूने बोलणारे म्हणतील, अहो, हा नुसता उपचार आहे, ओळीने ‘नाही’ म्हणायचे आणि पुढे जायचे. उपचार असता तर तक्रार नव्हती. पण २०१७ साली इंग्लंडच्या चेशायर परगण्यातल्या एका आजोबांच्या हातून तीन महिन्यांच्या नातवाच्या अर्जात दहशतवादाच्या प्रश्नापुढे चुकून ‘हो’ झाले. अर्ज व्हिसामाफी असलेल्या देशांतल्या प्रवाशांसाठीचा होता, पण प्रश्न त्याच घराण्यातला. त्या तान्ह्याला मुलाखतीसाठी लंडनच्या आपल्या वकिलातीत बोलावले गेले. म्हणजे ‘नाही’ला काडीची किंमत नाही आणि ‘हो’ मात्र गंभीर. असे प्रश्न ठेवण्यामागचा कायदेशीर हेतू सगळ्यांना ठाऊक आहे. खरा दहशतवादी अर्जात कबुली देत नाही, पण पुढे सापडला तर खोटे बोलल्याचा ठपका त्याच्यावर आयता ठेवता येतो. प्रौढाच्या बाबतीत हे शहाणपणाचे आहे. तान्ह्याच्या बाबतीत खोटे बोलणार कोण? उत्तर देतो बाप, बटण दाबतो बाप, आणि जबाब नोंदला जातो ज्याला अजून बोबडेही बोलता येत नाही त्याच्या नावावर.

माझे म्हणणे एवढेच आहे, की मुलाचा अर्ज हा मुलाचा नसतोच. तो पालकांचाच दुसऱ्यांदा भरलेला अर्ज असतो, फक्त प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलेले असतात. आपल्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्यातले २१४(ब) कलम घ्या. पर्यटक म्हणून येणारा प्रत्येक परदेशी माणूस कायमचा राहायला येतो आहे असे गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचे. प्रौढ माणूस नोकरी दाखवतो, घर दाखवतो, म्हातारे आईवडील दाखवतो. बाळाने काय दाखवायचे? व्यवसायांच्या यादीत आपण गृहिणीपासून निवृत्तापर्यंत सगळ्यांची सोय केली आहे. बाळाला त्यातल्या त्यात जवळचे ‘बेरोजगार’, आणि परत येण्याची हमी म्हणून बेरोजगारी काही फारशी वजनदार नाही. त्याला मायदेशी ओढून आणणारे जे काही आहे ते आईबाप, आणि नेमके तेच त्याच्याबरोबर विमानात बसलेले. गंमत अशी की आपलाच कायदा दुसऱ्या एका कलमात कमालीचा समंजस आहे. मुदत संपल्यावर अमेरिकेत राहिलेल्या प्रौढावर तीन किंवा दहा वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते, पण त्या हिशेबात अठरा वर्षांखालचे दिवस मोजलेच जात नाहीत. मूल स्वतःहून राहत नाही, त्याला ठेवले जाते, हे त्या कलमाला कळले. अर्जाला मात्र ते अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.

एकच अर्ज सर्वांना लावला की काम सुटसुटीत होते, संगणकाला काय लहान आणि काय थोर, असेही म्हणता येईल. पण आपल्या संगणकाला वय मोजता येते. सोळा वर्षांखालच्या अर्जदाराच्या वतीने पालकाने सही केलेली आपल्याला चालते. चौदा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे आपण सहसा घेत नाही. फक्त शुल्काचा आकडा आला की वय विसरले जाते. मोठ्यालाही १८५ डॉलर, तान्ह्यालाही १८५. युरोपच्या शेंगेन देशांत सहा वर्षांखालच्या मुलाला शुल्क नाही, बारापर्यंत निम्मे. आमच्या एसटीतही पाचपर्यंत फुकट आणि बारापर्यंत हाफ तिकीट, आणि एसटीला कोणी उधळी म्हणत नाही. त्यात २ सप्टेंबर २०२५ पासून चौदाखालच्या मुलांची मुलाखतीची सवलतही आपण काढून घेतली. कायदा मुलाखत सक्तीची करतो ती १४ ते ७९ वयाच्यांसाठी, त्याच्या अलीकडचा उत्साह सर्वस्वी आपला. जुन्या पर्यटक व्हिसाच्या नूतनीकरणाला ठेवलेली माफीही आधीचा व्हिसा मिळताना अर्जदार किमान अठरा वर्षांचा असेल तरच. म्हणजे लहानपणी एकदा खिडकीपुढे उभे राहिलेले मूल पुन्हा उभे राहणारच. दहा वर्षांच्या व्हिसावर सहा महिन्यांच्या बाळाचा फोटो छापून, चौथीत गेलेल्या मुलाची त्यावरून ओळख पटवण्याचे कसबही आपलेच.

आता खरा आक्षेप, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. मुलांची तस्करी होते. नवराबायकोच्या भांडणात एकजण मूल घेऊन परदेशी निघून जातो. मुलांच्या अर्जाकडे डोळ्यांत तेल घालून पाहायलाच हवे. मान्य, शंभर टक्के मान्य. मग पाहा ना! बाळ कोणाबरोबर येते आहे, दुसऱ्या पालकाला ते ठाऊक आहे का, त्याची लेखी संमती आहे का, हे तीन प्रश्न त्या मुलाच्या कामाचे आहेत. यांतला पहिला, सहप्रवासी कोण, हा अर्जात आहे. संमतीचा मात्र नाही. विमानतळावरही एकट्या पालकाबरोबर आलेल्या मुलासाठी संमतिपत्र असावे अशी आपली शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या पासपोर्ट कार्यालयाचे कौतुक करण्याची वेळ क्वचित येते, पण ते अल्पवयीनाच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांचे संमतीचे निवेदन मागते, आणि एकाचीच सही मिळत असेल तर त्याचे कारण वेगळ्या नमुन्यात लिहून घेते. मुले पळवून नेण्यासंबंधीच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही, यावरून आपण दरवर्षीच्या अहवालात आम्हाला बोल लावता. लावा, तो काही अंशी रास्तही आहे. पण ज्याला या विषयाची एवढी काळजी, त्याने पळवल्या जाऊ शकणाऱ्या मुलालाच ‘तू कोणाचे मूल अडवून ठेवले आहेस का’ असे विचारून पुढे जावे? वंशसंहाराचा प्रश्न गाळला तर एकही मूल अधिक धोक्यात येणार नाही. संमतीचा प्रश्न घातला तर एखादे वाचेल.

आपण उलट विचाराल, तुमचे घर काय मोठे स्वच्छ आहे? नाही. न्यू जर्सीत जन्मलेल्या मराठी बाळाला आजीकडे पुण्याला आणायचे असेल आणि ओसीआय कार्ड अजून झालेले नसेल, तर आमचा व्हिसा अर्जही त्याचा धर्म विचारतो, अंगावरची ओळखखूण विचारतो, आणि अमली पदार्थांच्या व्यापारापासून राजकीय हत्येपर्यंतचा इतिहासही विचारतो. या बाबतीत आपण दोघे एकाच माळेचे मणी. मात्र आमच्या अर्जात शिक्षणाच्या रकान्यात निरक्षर, पदवीधर अशा पर्यायांबरोबर एक छोटासा पर्याय आहे: ‘अल्पवयीन असल्याने लागू नाही’. कोणत्या कारकुनाला तो सुचला देव जाणे. बहुधा त्याच्या घरी पाळणा असावा. तो एक पर्याय आपण आमच्याकडून उसना घ्यावा, सुरक्षेच्या पानांवर ओळीने लावावा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आईबापांना विचारायचे ते आईबापांनाच विचारावे. उसनवारीचे शुल्क आम्ही आकारणार नाही.



आपला,
अर्ज भरण्यास मदत करणारी व्यक्ती
(अर्जदाराशी नाते: इतर)