साक्ष द्या, शिक्षा घ्या

२०१६ च्या अमेरिकी निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाची विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांच्याकडची चौकशी चालू होती तेव्हा अमेरिकी वाहिन्यांवर मोहोरबंद न्यायालयीन कागदांचा रोज रतीब असे. आत काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे चर्चेला अडचण नव्हती. ट्रम्प यांच्या प्रचारातले सल्लागार पापाडोपुलॉस यांनी ५ ऑक्टोबर २०१७ रोजी गुन्हा कबूल केला, जगाला कळले ३० तारखेला. मधल्या काळात, ते तपासाला सहकार्य करत असताना, त्यांच्याशी मोकळेपणी बोललेल्यांची झोप नंतर उडाली असेल! ट्रम्प यांचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन यांनीही गुन्हा कबूल करून १९ वेळा जबाब दिले. त्यांच्या सहकार्याचा तपशील प्रसिद्धही झाला, फक्त वाचण्याजोगा मजकूर काळ्या पट्ट्यांखाली होता.

आपल्याकडे माफीचा साक्षीदार बोलला तर माफी. तिथे व्यवहार उलटा. फ्लिन कबुली मागे घ्यायला निघाले, त्यांना ट्रम्प यांची माफी. ट्रम्प यांचे एकेकाळचे प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट सहकार्याचा करार करूनही खोटे बोलल्याचे न्यायाधीशांनी ठरवले, त्यांनाही माफी. मॅनाफोर्ट यांचे सहकारी रिक गेट्स यांनी मात्र भर न्यायालयात मॅनाफोर्टविरुद्ध साक्ष दिली. त्यांना ४५ दिवसांची कैद झाली आणि डिसेंबर २०२० च्या माफीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते.