सव्वाइंची काका

काकांना खरं नाव आहे, पण ते सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीपुरतं. एरवी लहानथोर सगळ्यांसाठी ते 'सव्वाइंची काका'. उंचीवरून नव्हे, सहा फुटांना दोन बोटं कमी भरतील. नाव पडलं ते स्क्रूवरून.

असा गृहस्थ हल्ली प्रत्येक सोसायटीत निघतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात पस्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलेली, म्हणजे दुसऱ्याचा माल नापास करण्यात हयात गेलेली. निवृत्तीनंतर नापास करायला हाताशी उरते ती फक्त बायकोची आमटी, आणि त्यात जिवाला धोका असतो. मग हा माणूस सुतारकामाकडे वळतो. मुलगा परदेशातून येताना पॉकेट-होलचा जिग आणतो आणि पार्किंगमधली स्कूटर कायमची उन्हात जाते.

काका जिगचं मर्म लिफ्टमध्ये समजावतात, कारण तिथून श्रोत्याला पळता येत नाही. "फळीच्या अंगात पंधरा अंशांनी तिरकं भोक पाडायचं. ड्रिलच्या पात्यालाच पायरी असते, म्हणून भोकातही पायरी पडते. स्क्रूचं डोकं त्या पायरीवर बसतं, टोक पुढच्या फळीत घुसतं. खाच नको, कुसू नको, पटाशी नको." पाचवा मजला येतो, दार उघडतं, पण काकांचा हात दारात असतो. "आता खरा प्रश्न. स्क्रू कुठला?"

हा प्रश्न त्यांना गुढीपाडव्याला पडला. स्टूल करायचं होतं. एक.

मी त्यांच्याबरोबर बोहरी आळीत गेलो, ही माझी चूक.

"बोला काका, काय देऊ?"

"सव्वाइंची स्क्रू. पाऊण इंची फळीला सव्वाइंचीच. दीड इंची घातला तर टोक पलीकडून डोकावतं, एक इंची घातला तर पकड जेमतेम."

"किती देऊ?"

"आधी डोकं दाखवा."

दुकानदाराने स्वतःचंच डोकं खाजवलं आणि एक डबा पुढे केला. काकांनी एक स्क्रू चिमटीत धरून उजेडात फिरवला. "हे खाली निमुळतं होत जाणारं डोकं. पाचरीसारखं शिरतं आणि लाकूड चिरतं. मला सपाट बुडाचं पाहिजे, वॉशर अंगाबरोबरच असलेलं." मग काळे जिप्समचे स्क्रू आले. "यांचं डोकं सनईच्या तोंडासारखं आणि अंग ठिसूळ. जरा ताण आला की मान टाकतात."

"आटे मोठे की बारीक?" दुकानदाराने विचारलं. बिचाऱ्याला वाटलं, आपण प्रश्न सोपा करतोय.

"पाइन आणि प्लायवुड मऊ, त्यांना मोठे आटे. सागवान-शिसमाला बारीक. उलट केलंत तर टणक फळी चिरेल आणि मऊ लाकडात स्क्रू नुसता जागच्या जागी फिरत राहील."

एवढ्यात मागचा मिस्त्री कावला. "शेठ, तोवर मला अर्धा किलो चुका द्या."

काकांनी वळून त्याच्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं. घरी येताना रिक्षात एकच वाक्य बोलले, "चुका किलोवर घेणारी माणसं!"

त्यांना हवी होती ती स्क्रूच्या डोक्यात चौकोनी खाच. ती कॅनडातल्या रॉबर्टसनने १९०८ साली काढली. स्क्रू ड्रायव्हर सटकून त्याचा स्वतःचा हात कापला होता म्हणे. काका हा प्रसंग असा सांगतात की रॉबर्टसन त्यांच्या मावशीचा धाकटा दीर असावा.

पावसाळ्यात माझ्याकडे फर्निचरचं काम निघालं, तेव्हा काका पाहायला आले. मिस्त्रीने स्क्रू हातोडीने पाऊणभर ठोकला आणि शेवटचे दोन वेढे पेचकसाने दिले. काकांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, आटे कशासाठी असतात? त्याला त्याची वाट कापू द्या की!"

"काका," मिस्त्री पुढचा स्क्रू ठोकत म्हणाला, "वाट मीच करून देतो. त्याला कशाला त्रास?"

काका दोन दिवस जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या. मात्र हे सांगताना त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

अखेर नवरात्राच्या तोंडावर स्टूल झालं. पाइनच्या पट्ट्या, प्लायची बैठक, सोळा स्क्रू, सगळे सव्वाइंची. आम्हाला पाहायला बोलावलं. स्टूल हॉलच्या मधोमध होतं. उलटं. चार पाय आढ्याकडे.

त्याचं असं झालं की पॉकेट-होल दिसू नयेत म्हणून ती आतल्या अंगाने पाडतात. स्टूल सुलटं ठेवलं की सहा महिन्यांचा अभ्यास खाली जातो आणि वर उरते नुसती बसायची जागा. काकांना ते मंजूर नव्हतं. पाहुण्यांनी भोकं पाहायची, सपाट बुडाची डोकी पाहायची, मोठे आटे मनात कल्पायचे आणि सोफ्यावर बसायचं. त्या स्टुलावर आजतागायत कोणी बसलेलं नाही.

वस्तूचा उपयोग ओळखला तो काकूंनी. दसऱ्याच्या आदल्या रात्री त्यांनी चार पायांना पंचाची चार टोकं बांधली, मध्ये दही ओतलं आणि खाली पातेलं ठेवून निजायला गेल्या. सकाळी काका जिगला झेंडूचं फूल वाहायला उठले, तर पंचात चक्का तयार होता आणि भरून वाहिलेल्या पातेल्यातलं आंबट पाणी एकेका भोकात शांतपणे मुरत होतं.

आम्हाला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. काका मात्र गुडघ्यांवर बसून भोकात बॅटरी मारत होते. चेहऱ्यावर पाडव्याचं तेज परत आलं होतं.

"ओलावा. वर आंबट. झिंकचा मुलामा इथे टिकायचा नाही," ते पिशवी शोधत म्हणाले. "स्टेनलेस स्टील बघायला पाहिजे."

श्रीखंड उत्कृष्ट झालं होतं. काकांची वाटी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलेली होती.