दूरदृष्टी, तीन प्रतींत

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या एका मिडल स्कूलला अखेर दूरदृष्टी प्राप्त झाली. शाळेचं नाव विचारू नका, ती काल्पनिक आहे. काल्पनिक शाळेची एक सोय असते, तिची चौकशी लागत नाही.

आपल्याकडे दृष्टी कमी पडते आहे हे शाळेला वरून कळलं. भोपाळहून प्रपत्र निघालं, संकुलात आलं, जनशिक्षकांनी ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘अति आवश्यक. आज सायं चार तक.’ पुढच्या पाच वर्षांत शाळा कशी असावी, हे सर्व शिक्षकांनी एकत्र बसून, सखोल चर्चा करून, चार वाजेपर्यंत ठरवायचं होतं. तेव्हा अडीच वाजले होते.

आता ‘सर्व शिक्षक’ म्हणजे किती, ते पाहू. इकडे मिडल म्हणजे सहावी ते आठवी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वर्गामागे किमान एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्राला एक, भाषेला एक अशी वाटणी व्हायला हवी. आमच्या शाळेत बरोबर तीन आहेत. मुलं शंभरावर गेली की पूर्णवेळ मुख्याध्यापक द्यावा, असंही कायदा म्हणतो. आमच्याकडे सत्त्याण्णव मुलं आहेत. म्हणून सामाजिक शास्त्राचे सरच प्रभारी हेडमास्तर.

विज्ञानाचे सर बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर आहेत. ते मतदार याद्या घेऊन मिलौनीगंजात दारोदार फिरत होते. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, असं याच कायद्याच्या कलम 27 मध्ये लिहिलं आहे. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुकांचा. आपल्या देशात यांपैकी एकही चालू नाही असा महिना कुणाला सापडला, तर तो शाळेला कळवावा. राहिल्या भाषेच्या बाई. त्या ‘संघभावना आणि नेतृत्व’ या विषयाच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या.

तेव्हा प्रभारी सरांनी तिन्ही वर्ग एका खोलीत बसवले, ‘आवाज नको’ असं नेतृत्व केलं आणि स्वतःशीच सखोल चर्चा केली. सर्व निर्णय एकमताने झाले.

सरांसमोर सात आयाम आणि 46 मानकं होती. प्रत्येक मानकासमोर शाळेचा स्तर लिहायचा: एक, दोन किंवा तीन. सर अनुभवी आहेत. एक लिहिला तर तपासायला माणसं येतात, तीन लिहिला तर बघायला येतात, दोन लिहिला तर कुणीच येत नाही. त्यांनी 46 वेळा दोन लिहिला. दूरदृष्टीचा परिच्छेद शेजारच्या शाळेकडून मागवला. तिनेही तो तिच्या शेजारच्या शाळेकडून घेतला होता. संकुलातल्या सगळ्या शाळांची दृष्टी अशी अक्षरशः सामायिक झाली. तीन प्रती निघाल्या आणि चार वाजता दृष्टी अपलोडही झाली.

हसायला हरकत नाही, पण या विषयाचा गंभीर अभ्यासही झाला आहे, आणि तो आपल्याच राज्यात. मूल्यमापन, गुणांकन आणि शाळागणिक सुधार योजना, म्हणजे शाळा व्यवस्थापनाच्या जगभर वाखाणलेल्या सगळ्या पद्धती, मध्य प्रदेशातल्या 1,774 शाळांत राबवून पाहिल्या गेल्या. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये मांडले. मूल्यमापन जवळजवळ सगळीकडे पूर्ण झालं होतं, त्यातून शाळांची स्थितीही बऱ्यापैकी कळत होती. (आमची शाळा त्यात नसावी.) मात्र शाळांच्या कारभारावर आणि मुलांच्या शिकण्यावर परिणाम काहीच दिसला नाही. मुलाखतींत अधिकाऱ्यांकडून जे कळलं, त्यावरून वाढली ती कागदपत्रं. कारण साधं होतं. मूल शिकलं काय, न शिकलं काय, त्याने कुणाचं काही अडत नव्हतं. अडायचं ते प्रपत्र राहिलं तर. प्रपत्रं मात्र सगळी भरलेली होती, म्हणून कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि देशातल्या 6 लाखांहून अधिक शाळांपर्यंत पोचला.

नेता, संघ आणि सामायिक दृष्टी यांची गाठ कशी सुटते, हे खरं तर जबलपूरकरांना प्रशिक्षणात शिकवायला नको. दीक्षितपुऱ्याहून रमतगमत कमानिया गेटपर्यंत जावं. ते काँग्रेसच्या 1939 च्या त्रिपुरी अधिवेशनाची आठवण म्हणून उभं आहे. त्या वर्षी सुभाषबाबू पट्टाभी सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झाले होते. त्रिपुरीत पंत ठराव मंजूर झाला: अध्यक्ष सुभाषबाबूच, पण कार्यसमिती नेमायची गांधीजींच्या इच्छेनुसार. एप्रिल संपायच्या आत अध्यक्षांनी राजीनामा दिला.

आमच्या प्रभारी सरांचंही तेच आहे. संघ त्यांचा, पण त्यातला कोण उद्या वर्गात असेल हे तहसील, ब्लॉक आणि संकुल ठरवणार. फरक एवढाच की सुभाषबाबूंकडे सोडायला पद तरी होतं. सरांकडे नुसता प्रभार आहे, आणि तो घ्यायला दुसरं कुणी तयार नाही.

याच जबलपुरात 1868 मध्ये हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढे दीक्षितपुऱ्यात तिची शाळा उभी राहिली. त्या मंडळींनी दूरदृष्टीचं प्रपत्र कितव्या आयामाखाली भरलं होतं, याचा शोध आता संकुलाने घ्यावा.

तोवर पालकांनी एक करावं. सरकारी शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात आणि एकूण निम्म्या जागा स्त्रियांच्या. शाळा विकास योजना करण्याचा अधिकार याच समितीचा आहे. म्हणजे ती दृष्टी कायद्याने तुमची आहे, आणि तुम्ही ती फाटकाशी उभ्या उभ्या सही करून देऊन टाकता. पुढच्या बैठकीला आत जाऊन बसा. सही मागितली तर आधी दोन गोष्टी लिहून मागा: सहावीतल्या कुठल्या मुलांना अजून धड वाचता येत नाही त्यांची नावं, आणि त्यांना रोज तासभर घेऊन कोण बसणार त्याचं नाव. दुसऱ्या नावापुढे ‘बीएलओ ड्युटीवर’ असं लिहिलेलं दिसलं, तर सही करू नका.