गाव सोडण्याचं दुःख रद्द

बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांचं शोषण कायद्यानेच कमी झालं आहे. कसं ते सांगतो.

१९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात एक भाबडं कलम होतं. मजूर भरती करून परराज्यात नेणाऱ्या ठेकेदाराने त्याला विस्थापन भत्ता द्यायचा. महिन्याची निम्मी मजुरी किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल ते, आणि मजुरीतून कापायचा नाही. नुसतं गाव सोडलं म्हणून पैसे! ठेकेदारांपर्यंत ही बातमी कधी पोचली नसावी. त्यांच्याकडे उचल असते. मुकादमाच्या खिशातल्या कळकट वहीत ती नावापुढे मांडलेली, शेजारी खाड्यांच्या फुल्या, खाली रेशन, गाडीभाडं आणि पत्र्याच्या खोलीचे पैसे. छठपूजेला गावी निघालेल्या माणसाकडेच शेवटी बाकी निघते.

मग २०२० उजाडलं. टाळेबंदीत हे मजूर हायवेने पायी गावी निघाले. आपण टीव्हीसमोर गहिवरलो. गहिवर पुरता ओसरायच्या आत, सप्टेंबरात, संसदेने त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता मंजूर केली. प्रवासभाडं तीत आहे, विस्थापन भत्ता गेला. बरोबरच आहे. इतक्या हौसेने चालत परत जाणाऱ्यांना विस्थापित कसं म्हणायचं?

पूर्वी पाच परप्रांतीय मजूर असले की ठेकेदार कायद्याच्या कक्षेत यायचा, आता दहा लागतात. म्हणजे नऊ मुकादमाच्या नावावर, नऊ त्याच्या मेव्हण्याच्या. मेव्हण्यांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता.

कल्याण मात्र जोरात आहे. बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर त्यासाठीच घेतात. लाभ हवा तर नोंदणी करा, नोंदणी हवी तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणा. तो बहुधा ठेकेदाराकडूनच, म्हणजे ज्याने दोन हप्ते थकवलेत त्याच्याच सहीने.

या निधीतून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचं २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. न्यायालय थक्क झालं. मला यात दूरदृष्टी दिसते. सिमेंट बसलेला शर्ट हाताने का निघतो? अडचण एवढीच, की पत्र्याच्या खोल्यांना नळ नाही. पण वॉशिंग मशीनचा वेगळा नळ आणि प्लग हेच मजूर रोज बसवतात, प्रत्येक फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत. ताबा दिल्यावर वॉचमन त्यांना गेटच्या आत सोडत नाही, ही किरकोळ तांत्रिक बाब आहे.