चौथ्या सीटवरून सप्रेम नमस्कार

प्रति,
माननीय खिडकीवाल्या ताई,
मधला लेडीज डबा, सकाळची बदलापूर फास्ट.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या गुरुवारी रात्री तुम्ही मला आपल्या डब्याच्या ग्रुपमधून काढून टाकलंत. मोबाइलवर तशी पाटी आली तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. मोहरी जळाली, बाकी काही झालं नाही. पण चार वर्षांच्या सहवासानंतर आभार न मानता निघून जाणं आमच्या अंबरनाथच्या रीतीत बसत नाही. तोंडावर मानायला गेले तर तुम्ही नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघाल. म्हणून हे उघड पत्र.

पहिले आभार प्रवेशपरीक्षेचे. दादरला नोकरी लागली आणि पहिल्याच सकाळी अंबरनाथच्या फलाटावर ती परीक्षा झाली. गाडी बदलापूरहून भरून आलेली, दारात तुमच्या तिघीजणी दांडा धरून उभ्या. प्रश्न एकच, ‘कुठे?’ मी म्हटलं, दादर. ‘मग दारात काय करतेस, आत सरक.’ आत सरकले तर दुसरी म्हणाली, ‘कुठे घुसतेस, दिसत नाही का?’ दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून ठाणे सांगितलं. ‘ठाण्याला स्लो नाहीत का?’ तिसऱ्या दिवशी गप्प राहिले. ‘शिष्ट आहे!’ या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही, हे कळायला मला महिना लागला. उत्तर नको असतं, फक्त विचारणारी कोण हे समजायला हवं असतं.

दुसरे आभार व्याकरणाच्या शिकवणीचे. आत चार बाकड्यांवर एक रुमाल, एक पर्स, एक पाण्याची बाटली आणि एकदा तर नुसता केसांचा चाप बसलेला असायचा. ‘सीट बोललेली आहे.’ कोण बोललं, कोणाशी बोललं, कधी बोललं, काही नाही. कर्ता गाळून इतकी जागा अडवणारा प्रयोग शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंनासुद्धा ठाऊक नव्हता. कल्याण येईपर्यंत चाप बसून प्रवास करायचा आणि माणसं उभी.

मध्यंतरी मी कायदा उघडून पाहिला. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १५५ आहे. राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला शिरू दिलं नाही, तर त्यात दंड लिहिलाय दोनशे रुपयांपर्यंत. कॉलेजात रॅगिंग केलं तर महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड सांगतो. म्हणजे शिकत असताना छळलं तर दहा हजार, शिकून नोकरीला जाताना छळलं तर दोनशे. आणि तेही कोणी तक्रार केली तर. सकाळी फलाटावर उतरून तक्रार लिहून देणं म्हणजे लेटमार्क, आणि तीन लेटमार्कांचा अर्धा दिवस कापला जातो. तुमचं राज्य दोनशे रुपयांवर उभं नाही ताई, आमच्या लेटमार्कावर उभं आहे.

तुम्ही मात्र डब्याच्या शांततेचा अभिमान बाळगायचात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ठाणे-पनवेल लोकलमध्ये सीटवरून बायकांची मारामारी झाली, सोडवायला गेलेली महिला पोलीसही जखमी झाली. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांना दाखवलात आणि म्हणालात, ‘बघा, आपल्या डब्यात असं कधी होतं का?’ खरंच होत नव्हतं. भांडायला दोन बाजू लागतात. आपल्याकडे एक बाजू बसलेली होती आणि दुसरी मान खाली घालून मोबाइल बघत होती.

त्या मान खाली घातलेल्यांतून मी वर कशी आले, तेही तुमच्याच कृपेने. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. तिथल्या गाभाऱ्यात देव बघायचा तर पायऱ्या खाली उतराव्या लागतात. लोकलचंही तसंच निघालं. वर मुंबईला जायचं तर आधी खाली बदलापूरला जायचं. मी पास बदलापूरपर्यंतचा काढला, अर्धा तास आधी उठू लागले आणि ‘डाउन’ करून रिटर्न येऊ लागले. पहिले दोन आठवडे तुम्ही ‘रिटर्नवाली’ म्हणून तोंड फिरवलंत. मग एक दिवस ढोकळ्याचा डबा माझ्यापुढे आला आणि मला चौथी सीट मिळाली.

ज्यांनी बाहेरून फक्त फोटो बघितलेत त्यांच्यासाठी सांगते. बाकडं तिघींचं असतं. चौथीला मिळते काठाची दीड वीत जागा. त्यावर एक बाजू टेकते, दुसरी हवेत. उजवा पाय पॅसेजमध्ये रोवून ठेवावा लागतो, नाहीतर मोटरमनने ब्रेक मारला की चौथी खाली. बदलापूर ते दादर मी तशी अर्धी बसून यायचे आणि स्वतःला बसलेली समजायचे.

त्या दीड वीत जागेचं भाडं मी नियमित भरलं. तुमच्या विनोदांवर हसले. नवरात्रात नऊ रंग पाळले. तुमचा रुमाल खिडकीतून आत टाकला. आणि हो, दांडा धरून दारात उभं राहून मीही विचारलं, ‘कुठे?’ एका गरोदर बाईला विचारलं, हे मी इथे लिहून ठेवते, कारण पत्र उपरोधिक असलं तरी हिशोब खरा असावा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं दोन गाड्यांच्या मधे पडली, काहींचा जीव गेला. त्यानंतर पंधरा दिवस आपण दार मोकळं ठेवलं. सोळाव्या दिवशी तुम्ही म्हणालात, ‘उभ्या राहा गं, नाहीतर अंबरनाथवाल्या घुसतील.’ मी अंबरनाथची. मी उभी राहिले.

आता जुलैतल्या त्या दिवसाबद्दल. तुमची बाजू ‘गद्दारी’ या एका शब्दात ग्रुपवर आलीच आहे. माझी थोडी लांब आहे.

पाऊस होता, गाडी उशिरा, उल्हासनगरला एक मुलगी कशीबशी चढली. एकोणीस-वीसची असेल. पाठीवर मोठी बॅग, चेन तुटलेली, सेफ्टी पिनांनी बंद केलेली. पाच पिना होत्या. त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या म्हणून मोजल्या. गर्दीत पाठीवरची बॅग लागते म्हणून तिने ती सगळ्यांना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत वर रॅकवर ठेवली. तुम्ही म्हणालात, ‘रॅक बोललेला आहे.’ ताई, रॅक! तिला वाटलं चेष्टा आहे, ती हसली. मग तुम्ही उठलात, बॅग ओढलीत आणि खाली टाकलीत. ‘यूएसए माल. कुठून कुठून येतात!’ उल्हासनगरवरचा जुनाच टोमणा. ग्रुप हसला. दोन पिना उघडल्या, आतला स्टीलचा डबा बाहेर आला आणि गडगडत माझ्या रोवलेल्या पायाला येऊन थांबला. झाकण उघडून कोकी, सिंध्यांची जाड पोळी, ओल्या फरशीवर पडली. कांदा-मिरचीचा वास आला. माझ्या डब्यात त्या दिवशी थालीपीठ होतं, वास जवळजवळ तोच.

तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, ‘तू सांग गं हिला आपल्या डब्याचे नियम.’

मी डबा उचलला. झाकणाला पोचा आला होता, बसेना. ते बसवत बसवत मी म्हणाले, ‘ताई, तिची बॅग वर ठेवा.’ तुम्ही म्हणालात, ‘काय?’ तुम्हाला ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि नंतर रात्रभर सुचलेल्या बाणेदार वाक्यांतलं त्या वेळी एकही सुचलं नाही. म्हणून मी उठले, बॅग स्वतःच वर ठेवली आणि त्या मुलीला म्हणाले, ‘बस.’ माझ्या दीड वीत जागेवर.

टाळ्या वाजल्या नाहीत. टिकल्या-क्लिपा विकणारी तेवढी मागून म्हणाली, ‘बाजू दो, बाजू दो.’ ठाण्यापर्यंत कोणी काही बोललं नाही. माझे पाय इतके कापत होते की वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती.

‘कुठून कुठून येतात’ याचं उत्तर त्या दिवशी द्यायचं राहिलं, ते आता देते. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या बराकींत कुटुंबाला कुटुंब खेटून राहिलं. १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असंच सांगतात. अख्ख्या गावाची जागा गेली, आणि त्यांनी मिळालेल्या बराकीत दुकान मांडून संसार उभा केला. रुमाल टाकून जागा राखता येते हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. आणि बदलापूर? घोडे बदलण्याचं ठिकाण म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. घोडे बदलले असतील ताई, तुम्ही वीस वर्षांत खिडकीचा कोपरा बदललेला नाही.

तुमचं दुःख मला ठाऊक नाही असं समजू नका. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, पहाटे चारला उठून पोळ्या, रात्री नऊला घरात पाय. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, त्यानंतर इमारती थांबलेल्या नाहीत. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन आणि चिखलोलीचं स्टेशन यांची वाट बघता बघता आपल्या मुलांच्या दहाव्या झाल्या. या सगळ्यावर चिडायला हवंच. पण ज्यांच्यावर चिडायचं ते गाडीने येत नाहीत. म्हणून हात पोचतो तो उल्हासनगरच्या मुलीच्या बॅगेपर्यंत. तुम्ही मला शिकवलेलं सगळ्यात मोठं शास्त्र हेच, की वरून बसलेला मार खालच्या स्टेशनवर उतरवायचा. अंबरनाथने उल्हासनगरवर, उल्हासनगरने विठ्ठलवाडीवर. कल्याणवाल्यांचं काय होत असेल, देव जाणे.

आता मी उभी असते. उभं राहिलं की डबा वेगळा दिसतो. बसलेल्यांच्या माना दिसतात. एक गंमत दिसली ती तुमच्या कानावर घालते. तुमच्या शेजारच्या मावशी, ज्या गेली दहा वर्षं तुमच्या प्रत्येक विनोदावर पहिल्या हसतात, त्या परवा हसल्या नाहीत. काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवीतून जपमाळ काढावी तशी मटारची शेंग काढून सोलत बसल्या. मला एकेकाळी मौन म्हणजे भीती वाटायची. या मौनाचा आवाज थोडा निराळा होता. तुम्ही जपून असा.

शेवटचं. ती मुलगी आता शिकली आहे. तिनेही डाउन करायला सुरुवात केली. सोमवारी गाडी अंबरनाथला आली तर ती तिसऱ्या सीटवर बसलेली आणि शेजारी एक स्वच्छ, घडी घातलेला रुमाल. मला बघून म्हणाली, ‘दीदी, आपके लिए रखा है.’

पाय दुखत होते. रात्री पाणी आलं नव्हतं, झोप झाली नव्हती. पूर्ण तिसरी-चौथी जागा, पाय रोवायची गरज नाही. खरं सांगू का ताई, एवढं कठीण तुमच्याशी बोलतानाही गेलं नव्हतं. माझ्या मागे एक बाई होत्या, छातीशी फायली धरलेल्या, त्या रुमालाकडे बघून सवयीने दुसरीकडे वळल्या होत्या. मी रुमाल उचलला, त्या मुलीच्या हातात दिला आणि बाईंना म्हटलं, ‘बसा.’

बाईंनी आधी विचारलं, ‘बोललेली नाही ना?’

कळावे, लोभ होता तसाच असावा, म्हणजे नसला तरी चालेल.

आपली,
एक माजी चौथी

ता. क.: त्या दिवसाच्या गडबडीत तुमचा रुमाल माझ्या पिशवीत आला आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. डब्यात कुठल्याही उभ्या बाईकडे तुम्ही तो मागितलात तर मिळेल. मी तो फिरता ठेवला आहे. पावसात डोकं पुसायला फार उपयोगी पडतो.