भाजीवाल्याचा काटा आणि शोरूमचा एसी

दादरच्या टोरेस नावाच्या दागिन्यांच्या शोरूमबाहेर ६ जानेवारी २०२५ ला झुंबड उडाली, ती खरेदीसाठी नव्हती. त्या आठवड्याचे पैसे आले नव्हते, शोरूमला टाळं होतं आणि ज्यांनी दुकान थाटलं ते युक्रेनी साहेब देशाबाहेर पोचले होते. शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तो दादरच्या एका भाजीविक्रेत्याच्या फिर्यादीवरून. त्याचेही पैसे अडकले होते, त्याच्यासारख्या हजारोंचे अडकले होते. तरी या तपशिलापाशी जरा रेंगाळायला हवं. ज्याच्या तराजूवर उभ्या दादरचा विश्वास नाही, त्यानेच उभ्या दादरचं गाऱ्हाणं पोलिसांत न्यावं, हा योग काही साधा नव्हे.

योजना सोपी होती. मॉइसनाइट नावाचा, हिऱ्यासारखा लखलखणारा पण प्रयोगशाळेत तयार होणारा खडा विकत घ्यायचा आणि भरलेल्या रकमेवर दर आठवड्याला सहा टक्क्यांच्या आसपास घेत राहायचं, वर्षभर. सोडतीत मोटारी होत्या, माणसं आणून दिली की वेगळा वाटा होता, आणि शेवटी शेवटी तर दर आणखी चढवला होता. आठवड्याला सहा म्हणजे वर्षाला ३१२ टक्के. मिळालेलं व्याज परत तिथेच घालत गेलं, तर लाखाचे वर्षाअखेर वीस लाखांच्या वर जातात. बँकेने मुदत ठेवीवर टीडीएस कापला म्हणून मॅनेजरच्या टेबलापुढे तासभर हुज्जत घालणाऱ्या माणसांनी हा हिशेब मांडला नाही असं नाही. मांडला, आणि त्यांना तो आवडला.

खरं तर दरातही फसगतच झाली. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पोन्झीने ४५ दिवसांत ५० टक्के नफा कबूल केला होता. तेवढ्याच दिवसांत टोरेसचे जेमतेम ३८-३९ टक्के होतात. शंभर वर्षांत सगळं महाग झालं, पण गंडवून घेण्याचा भाव तेवढा उतरला. घासाघीस करायची तर इथे करायची होती.

घासाघीस करणारे काका त्या वेळी मंडईत होते. हे काका कुठल्याही सोसायटीत सापडतात आणि बहुधा सेक्रेटरी असतात. पाव किलो भेंडी घेताना ते एकेका भेंडीचं शेपूट मोडून पाहतात, मोडत नाही ती बाजूला टाकतात. काटा शून्यावर आहे ना, पारड्याखाली काही चिकटवलेलं नाही ना, भाजीवाल्याचा अंगठा नेमका कुठे आहे, हे चष्मा सारखा करून बघतात. “पंचवीस? अहो, त्या कोपऱ्यावर वीसला देतायत.” कोपऱ्यावर कुणीही वीसला देत नसतं, हे काकांना ठाऊक असतं आणि भाजीवाल्यालाही. मग कढीपत्त्याची एक काडी आणि दोन मिरच्या पिशवीत पडतात आणि सौदा मिटतो. माल पारखायचा, वजन पाहायचं, दुसरीकडचा भाव काढायचा, घाई करायची नाही, पटलं नाही तर पुढे चालू लागायचं. शेअर बाजारातले पंडित फी घेऊन याहून निराळं काही शिकवत नाहीत.

संध्याकाळी हेच काका एका हॉटेलच्या हॉलमध्ये ‘वेल्थ सेमिनार’ला जातात. टाय लावलेला पोरगा त्यांना ‘सर’ म्हणतो, पाण्याची बाटली देतो, डिशमध्ये ढोकळा आणि सामोसा देतो. मुंगीच्या अक्षरांतला सोळा पानी करार पुढे येतो. काका शेजाऱ्याकडून पेन मागून घेतात आणि पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी सह्या करत जातात. वाचत बसलं तर बरं दिसणार नाही. पोरगा ताटकळत उभा आहे, आणि ढोकळा तर खाऊन झालाय.

संशय आपल्याकडे उताराने वाहतो. रिक्षावाला, रद्दीवाला, घरकामाच्या बाई यांच्यापर्यंत तो धो धो येऊन पोचतो; काचेचं दार आणि एसीची झुळूक लागली की आटतो. हे मर्म शाळामास्तरांना कळलं नसेल, ठगांना मात्र पक्कं कळलेलं आहे. म्हणून ते आधी फर्निचर घेतात.

पॅनकार्ड क्लब्जचं उदाहरण घ्या. हॉटेलातल्या मुक्कामाच्या ‘रात्री’ आगाऊ विकत घ्यायच्या, नाही वापरल्या तर काही वर्षांनी वाढीव रक्कम परत, असा तो मामला. सेबीने हिशेब काढला तेव्हा ५१ लाखांहून अधिक लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये जमा झाल्याचं निघालं. डोई साडेतेरा हजारांच्या आसपास, म्हणजे ही धनदांडग्यांची मौज नव्हती. दिवाळीचा बोनस आणि पोस्टातली मोडलेली आवर्त ठेव होती. आता या ५१ लाखांनी वर्षाकाठी फक्त एकेक रात्र जरी काढायची म्हटली, तरी रोज चौदा हजार माणसांच्या अंथरुणाची सोय लागते. लग्नात पाहुणे किती आणि गाद्या किती याचा ताळा तोंडी मांडणाऱ्या महाराष्ट्राला हा भागाकार सुचू नये? पण कुणाला राहायला जायचंच नव्हतं. सगळ्यांना न राहण्याचे पैसे हवे होते.

सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला तर कोंबडीने हे काम केलं. मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ कोंबडी काळी, औषधी म्हणून नावाजलेली आणि महाग. महारयत ॲग्रो नावाच्या कंपनीने शेतकऱ्यांना पिल्लं दिली, पैसे घेतले आणि अंडी-कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ असा करार केला. टोमॅटोचा दर पडला की माल रस्त्यावर ओतावा लागतो हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनाही बाजारात न जाता ठरलेला भाव देणारी कोंबडी खरी वाटली, ती त्यामुळेच. या शेतकऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. हमीभावाची भूक खरी होती, हमी तेवढी खोटी निघाली. कोंबड्या वाढत होत्या, परत घेणारा दिसेना आणि खाद्याचा खर्च रोजचा होता. २०१९ मध्ये तक्रारींची रीघ लागली. एवढी महागाची अंडी रोज खातंय कोण, हा प्रश्न बाजारात पहिल्याच दिवशी विचारता आला असता. पुढच्या शेतकऱ्याला द्यायच्या पिल्लासाठी अंडं आणि त्या पिल्लाच्या पैशातून मागच्याचं देणं, अशी साखळी असेल तर तिच्यात खाणारा कुठेच लागत नाही.

२०११ च्या स्पीक एशियाला कोंबडीचाही खर्च नको होता. अकरा हजार भरा, घरबसल्या आठवड्याला दोन सर्वेक्षणं भरा, हजार रुपये मिळवा. साबणाबद्दल काकांचं मत काय, हे जाणून घेण्यासाठी कुणीतरी दर आठवड्याला पैसे मोजतंय यात काकांना वावगं काही वाटलं नाही. घरात त्यांना कुणीच मत विचारत नव्हतं.

डोंबिवली-ठाण्याकडे सोन्याची भिशी. अकरा हप्ते तुमचे, बारावा सराफाचा. गुडविन ज्वेलर्सची दुकानं ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद झाली. मालकांनी मुहूर्त तेवढा चांगला निवडला.

सगळेच काका इतके धाडसी नसतात. काही सावध असतात. त्यांना तीनशे टक्के नकोत, फक्त अर्धा टक्का जास्त हवा. लाखाच्या ठेवीवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला पाचशे रुपये, महिन्याला बेचाळीससुद्धा नाहीत. तेवढ्यासाठी हयातीची पुंजी एका बँकेतून काढून दुसरीत नेणारी माणसं आहेत, आणि नेताना ती बँक कुणाला कर्ज देते हे विचारणारी फारशी नाहीत. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा खातेदाराला काढता येणारी रक्कम सुरुवातीला हजार रुपये होती, तीही सहा महिन्यांत मिळून. तेव्हा ठेवीवरचं विमा संरक्षण लाखापुरतं होतं. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच लाख झालं. पाच लाखांची ही मर्यादा एका बँकेतल्या एका माणसाच्या सगळ्या खात्यांना मिळून असते, मुद्दल आणि व्याज धरून. भाजीच्या पिशवीवर नाव लिहून ठेवणाऱ्या घरांत ही गोष्ट फ्रीजवर चिकटवायला हरकत नाही.

आणि ज्यांना लोभ नाही, त्यांना भीती आहे. “आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल, अमुक अधिकाऱ्याशी संपर्क साधा,” असा संदेश राज्यभर फिरला आणि महावितरणला खुलासे करत बसावं लागलं. वीज जाण्याआधी कुणी घरोघर स्वतःचा मोबाइल नंबर कळवतो, एवढ्या सौजन्यावरच खरं तर शंका यायला हवी होती. त्याच्या पुढची पायरी ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणून सांगतो आणि पैसे ‘तपासणीसाठी’ वर्ग करायला लावतो. अशी अटक कायद्यात कुठेच नाही, हे पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं. निवृत्त, शिकलेली, उभ्या जन्मात कर न चुकवलेली माणसं यात सापडतात. ज्याने कधी सिग्नलही तोडला नाही त्याला साहेबाचा आवाज चढला की आपलंच काहीतरी चुकलं असावं असं वाटतं. अशा वेळी फोन कापून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला लावायचा असतो. पण साहेब बोलत असताना फोन कापायचा कसा, हीच तर अडचण.

काटकसरीची हौस भागवायला मोबाइलमध्ये निराळी बाजारपेठ आहे. ४९९ च्या वर घरपोच मोफत, म्हणून ३१० च्या डाळ-तांदळावर दोनशेची बिस्किटं चढतात आणि चाळीस रुपये वाचतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर टीव्ही येतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लेखी बजावलं होतं, त्यानंतर तिचं फक्त बारसं नव्याने झालं. ‘फक्त दोन शिल्लक’ म्हणून घाबरवणं, नकळत टोपलीत काहीतरी सरकवणं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं बटण दाबायला लावून ओशाळं करणं, अशा तेरा क्लृप्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला जाहीर करून त्यांना मनाई केली. यादी वाचताना ठगांना एखादी चौदावी सुचली असेल.

उलट्या दिशेने वाहणारा संशयही अधूनमधून सापडतो. चंदीगडमध्ये एका गिऱ्हाइकाने बाटाच्या दुकानात बूट घेतले, तेव्हा कागदी पिशवीचे तीन रुपये बिलात लागले, आणि पिशवीवर जाहिरात बाटाचीच. गिऱ्हाईक ग्राहक मंचात गेलं. २०१९ मध्ये मंचाने दुकानाला सगळं मिळून नऊ हजार रुपये भरायला लावले. या गृहस्थाला शेजारीपाजारी चिकट म्हणाले असतील तर नवल नाही. पण तीन रुपये रस्त्यावरच्या म्हातारीकडून सोडवायचे की कंपनीकडून, यात फरक आहे, आणि तो त्याला कळला होता. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ मध्ये हेच संघटितपणे सुरू केलं: आसपासची कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक मागवतात आणि आपसांत वाटून घेतात. कामाची, घामाची, थोडी कंटाळवाणी काटकसर. तिच्यात सोडतीची मोटार नसते.

काकांचं म्हणाल, तर त्यांचं प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याने १९९९ मध्ये केलेला एमपीआयडी कायदा चांगला आहे. ठगांची मालमत्ता जप्त होते, लिलाव होतात आणि वाटप होतं. फक्त या प्रत्येक शब्दामागे काही वर्षं धरायची. गुंतवणूकदारांची कृती समिती झाली, काका अर्थातच सेक्रेटरी झाले. वर्गणी गोळा करताना त्यांनी एकेका रुपयाचा हिशेब वहीत ठेवला.

गेल्या महिन्यात त्यांना एका ‘वसुली विभागा’तून फोन आला. तुमचे पैसे मंजूर झालेत, फाइल पुढे सरकवायला प्रक्रिया शुल्क पाच हजार. आवाज अदबीचा होता, मागे टाइप केल्याचा खटखटाट होता. काका आता पूर्वीसारखे भोळे राहिलेले नाहीत. त्यांनी ठणकावून सांगितलं, पक्की पावती मिळाल्याशिवाय एक पैसा देणार नाही. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर पावती आली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, आणि मधे अठरा टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला, नऊशे रुपये. काकांनी गुणाकार तपासून पाहिला. बरोबर होता.