आग्रहाची सोय

पोट भरलं, हे मराठी माणूस चारचौघांत फक्त पंगतीत कबूल करतो आणि नेमकं तिथेच त्याचं कोणी ऐकत नाही. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन समोर येतो. आपण पानावर दोन्ही हात आडवे धरतो, मान जोरजोरात हलवतो, पण बोटांत फट ठेवतो. मुरलेला वाढपी ती लांबूनच हेरतो. "एकच, माझ्यासाठी," म्हणत त्याने सोडलेली जिलेबी त्या फटीतून अचूक पानात उतरते आणि आपण "अहो, काय हे!" म्हणून तिचा पहिला तुकडा मोडतो.

पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला सुमारे २० मिनिटं लागतात म्हणे. तेवढ्यात मसालेभात येऊन गेलेला असतो आणि जिलेबी परत फिरलेली असते. तरी पंगतीत एक मोठी सोय होती: दोष द्यायला माणूस होता. "आग्रहच फार हो त्यांचा," असं म्हणत घरी येऊन ओवा चावता यायचा.

बुफेने ती सोय काढून घेतली. तिथे कोणी आग्रह करत नाही, म्हणून आपणच आपल्याला करतो. एकाच प्लेटमध्ये नूडल्स, पनीर, पुलाव आणि त्यांच्या टेकूने उभा गुलाबजाम. त्याचा पाक नूडल्समध्ये मुरतोय, आणि आपली नजर पलीकडच्या डोशाच्या रांगेवर.

हा स्वतःलाच केलेला आग्रह मांडवाबाहेरही सुटत नाही. माझ्या एका मित्राच्या दोन बेडरूमच्या घरात नवरा-बायको दोघंच राहतात, तरी त्याला तिसरी बेडरूम हवी आहे. कशाला? "पाहुणे आले तर." पाहुणे येतात आणि हॉलमध्ये गाद्या टाकून झोपतात, कारण टीव्ही तिथे आहे. त्याला मी टॉलस्टॉयची १८८६ सालची गोष्ट सांगितली. सूर्य मावळायच्या आत जेवढ्या जमिनीला फेरी घालशील तेवढी तुझी, असं ऐकून पाहोम दिवसभर धावतो, वेळेत परत पोचतो आणि तिथेच मरून पडतो. शेवटी त्याला लागते ती पुरण्यापुरती जमीन.

मित्र गंभीर झाला. म्हणाला, "पण वेळेत पोचला ना? मग वारसांच्या नावावर व्हायला पाहिजे."

त्याचा नाद मी सोडला. तुम्ही मात्र पुढच्या लग्नात प्लेट उचलण्याआधी रिकाम्या हातांनी सगळ्या टेबलांवरून एक चक्कर मारा, काय हवंय ते ठरवा आणि मगच वाढून घ्या. मठ्ठ्याला हा नियम नाही. तो हवा तेवढा प्या.